कार्ड आहे तर दात नाहीत

गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी अण्णा दवाखान्यात आले. अण्णा म्हणजे आमच्या मोंढ्यातले जुने हमाल, वय बहात्तर. आयुष्यभर पाठीवर पोती वाहिली, त्यामुळे कंबर वाकलेली. पण कान आणि नजर अजून शाबूत. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी महिन्याला एकदा येतात. त्या दिवशी मात्र गोळ्यांचा विषय निघालाच नाही. सदऱ्याच्या आतल्या खिशातून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कार्ड काढले आणि माझ्या टेबलावर ठेवले. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांसाठी, मग उत्पन्न कितीही असो, केंद्र सरकारने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आयुष्मान कार्ड सुरू केले, तेच हे कार्ड. नातवाने काढून दिलेले.

"डॉक्टरसाहेब, ह्याच्यावर पाच लाख हायेत म्हणत्यात. मला काय पाच लाख नकोत. तेवढी कवळी बसवून मिळंल का?"

मी नाही म्हटले.

"मग दाताचं कशात मिळतं?"

"अण्णा, पडून जबडा मोडला तर मिळतं."

अण्णा बोळके तोंड उघडून मनमोकळे हसले. "मग पडतो की जिन्यावरनं."

बाकीचे पेशंटही हसले, मीही हसलो. पण अण्णा गेल्यावर त्यांचा केस पेपर चाळला, तेव्हा हसू मावळले. दीड वर्षापूर्वी त्यांचे वजन बावन्न किलो होते, आता सत्तेचाळीस. खोकला नाही, ताप नाही, साखर नाही, थुंकी तपासली तीही स्वच्छ. कारण इतकेच की ज्वारीची भाकरी चावता येत नाही. ती आमटीत कुस्करून, नाहीतर चहात बुडवून गिळायची. शेंगदाणे, मटकी, पालेभाजी, काकडी हे सगळे ताटातून गेले. आपल्याकडे म्हण आहे, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. अण्णांच्या बाबतीत चण्यांच्या जागी पाच लाखांचे कार्ड आले, एवढाच फरक.

गैरसमज नको म्हणून आधी सांगून टाकतो. मी या योजनांच्या विरोधात नाही. २०१२ साली काही जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती राज्यभर लागू झाली. २०१७ साली तिचे नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत आली. २०२३ साली राज्य सरकारने आपली योजना सर्वांसाठी खुली करण्याचा आणि दीड लाखाची मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. या काळात माझ्याच पेशंटांपैकी कितीतरी जणांची हृदयाची ऑपरेशने झाली, डायलिसिस झाले, कर्करोगाचे उपचार झाले. पूर्वी अशा घरांत आधी म्हैस विकली जायची, मग रान गहाण पडायचे. ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यामुळे योजनांना नावे ठेवण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही.

परंतु या योजनांची घडण लक्षात घेतली पाहिजे. त्या खाटेभोवती बांधलेल्या आहेत. माणूस रुग्णालयात दाखल झाला, ठरलेल्या यादीतले ऑपरेशन किंवा उपचार झाले, की पैसे मिळतात. जबड्याचे फ्रॅक्चर, जबड्यातली गाठ, तोंडाचा कर्करोग यादीत आहेत, कारण त्यांना खाट लागते. दाताचे रोजचे काम होते खुर्चीवर. कीड कोरून सिमेंट भरणे, रूट कॅनॉल, हिरड्यांची सफाई, कवळी या सगळ्यासाठी माणूस पायी येतो, अर्धा-पाऊण तास खुर्चीत बसतो आणि पायी घरी जातो. म्हणून ते यादीत नाही. पैसे भरून घेतलेल्या मेडिक्लेमचेही बहुतेक तसेच. पॉलिसीच्या बारीक अक्षरांत लिहिलेले असते की अपघातामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले तरच दाताचा खर्च मिळेल. बाह्यरुग्ण उपचारांचा वेगळा हप्ता भरून थोडेफार मिळवणारी मंडळी शहरात असतात. आमच्या गावात मी तरी पाहिली नाहीत. कारखान्यात कामगार विमा असेल तर त्या रुग्णालयाच्या दंत विभागाचा उपयोग होतो. शेतमजूर, हमाल, हातगाडीवाला आणि किराणा दुकानातला नोकर यांच्यासाठी त्यातले काहीच नाही. त्यांनी खिशात हात घालायचा.

खिशात किती असते आणि लागते किती, हे एकदा मांडून पाहू. आमच्या तालुक्याच्या गावी साधा दात काढायला तीन-चारशे रुपये पडतात. सिमेंट भरायला पाचशेपासून हजारापर्यंत. रूट कॅनॉलला तीन हजार आणि वर कॅप घातली की आणखी तीन-चार हजार. वरची-खालची पूर्ण कवळी दहा-बारा हजारांना. जिल्ह्याच्या ठिकाणी याहून जास्त. खुरपणीला जाणाऱ्या बाईची मजुरी तीनशे रुपये धरली, तर रूट कॅनॉल आणि कॅप म्हणजे तिची वीस-बावीस दिवसांची कमाई. तीही रोज काम मिळाले तर. शिवाय त्यासाठी तीन-चार खेपा. एसटीत बायकांना अर्धे तिकीट २०२३ पासून आहे, पण मजुरी बुडायची ती पूर्णच बुडते.

यावर दाताचे डॉक्टर लुटतात असे म्हणून मोकळे होण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. त्यांची खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, आयात केलेले साहित्य, कॅप बनवणाऱ्या लॅबचे बिल, जागेचे भाडे हा सगळा खर्च त्यांनी पेशंटकडूनच काढायचा असतो. माझ्यासारख्याला स्टेथोस्कोप आणि टॉर्च असली की निम्मे काम होते. त्यांचे तसे नाही. काही जण गरज नसताना चार कॅपा सुचवतात, हेही खरे. असे लोक आमच्या पेशातही आहेत.

आता जी हकीकत सांगणार आहे ती माझ्याच चुकीची आहे. ती या सदरात लिहावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो.

जवळच्या वाडीतली एक बाई, वय चौतीस. उजवीकडची खालची शेवटून दुसरी दाढ किडलेली. पहिल्यांदा आली तेव्हा गालावर थोडी सूज होती. मी पाच दिवसांची अँटिबायोटिके आणि दुखण्याच्या गोळ्या लिहिल्या आणि सांगितले, "ताई, दाढ काढून घ्या." ती "हो" म्हणाली. दोन महिन्यांनी पुन्हा आली. तेच दुखणे, त्याच गोळ्या, तेच वाक्य, तेच "हो". तिसऱ्यांदा आली तेव्हा बाहेर चाळीस पेशंट होते. मी मान वर न करता लिहून दिले. त्या तीन भेटींत एकदाही मी तिला विचारले नाही की दाढ का काढली नाही.

पंधरा दिवसांनी रात्री साडेदहाला तिचा नवरा तिला मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागे दीर धरून बसलेला, असा घेऊन आला. हनुवटीखालचा भाग दोन्ही बाजूंनी लाकडासारखा टणक सुजलेला. तोंड बोटभरही उघडत नव्हते. जीभ वर ढकलली गेलेली, लाळ गळत होती. आडवे केले की श्वास कोंडायचा, म्हणून ती पुढे वाकून बसली होती. वैद्यकीय पुस्तकात या आजाराला लुडविग्ज अँजायना म्हणतात. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टराने १८३६ साली त्याचे वर्णन केले. खालच्या मागच्या दाढांची मुळे खोल असतात. तिथला पू आतल्या बाजूने फुटला तर जिभेखाली आणि गळ्यात पसरतो. सूज वाढत जाऊन श्वासनलिका दाबली जाते, आणि माणूस गुदमरून जाऊ शकतो. दाढेच्या दुखण्याने माणूस मरतो यावर लोकांचा विश्वास बसत नाही, पण ते खरे आहे.

१०८ ची गाडी बोलावून तिला जिल्ह्याच्या गावी पाठवले. तिथल्या डॉक्टरांनी गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी घातली, हनुवटीखाली चिरा देऊन पू काढला आणि ती दाढही काढली. अकरा दिवस ती दवाखान्यात होती. वाचली. नवरा सांगत होता, "कार्डावर झालं सगळं, डॉक्टर, एक रुपया लागला न्हाई." त्याला त्याचे केवढे समाधान! आणि मी मनात हिशेब करत होतो. अतिदक्षता विभागातले अकरा दिवस सरकारी तिजोरीने भरले. ज्या तीनशे रुपयांच्या कामाने ते टळले असते, ते भरायला कोणतीही योजना नव्हती.

ती टाके दाखवायला आली तेव्हा मी विचारले. दाढ काढायला ती गेली होती, एकदा नव्हे, दोनदा. सरकारी दवाखान्यात. आपल्या राज्यात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, ही गोष्ट तिला माझ्याआधी माहीत होती. पहिल्या खेपेला सांगितले की दाताचे डॉक्टर गुरुवारी असतात. गुरुवारी गेली तर डॉक्टर होते, पण खुर्चीचा कॉम्प्रेसर बंद होता आणि भूल द्यायची औषधेही संपली होती. दोन दिवसांची मजुरी गेली. मग घरी सासूने लवंगेचे तेल लावले, मेडिकलमधून दहाच्या दोन गोळ्या आणल्या. एक दिवस ठणका आपोआप थांबला. तिला वाटले, बरे झाले.

इथे जरा थांबून सांगतो, कारण हा गैरसमज घरोघरी आहे. दाढेचा ठणका आपोआप थांबला तर बहुधा तो रोग बरा झालेला नसतो, दाढेतली नस मेलेली असते. मेलेल्या नसेत रक्त पोचत नाही, म्हणून गोळीतले औषधही तिथपर्यंत पोचत नाही. पू मुळाशी साठत राहतो. अँटिबायोटिकने बाहेरची सूज उतरते, पण आतले कोठार तसेच राहते. ते रिकामे करायचे दोनच मार्ग आहेत, रूट कॅनॉल नाहीतर दात काढणे. म्हणून दर दोन महिन्यांनी दाढेसाठी गोळ्या खाणे हा उपचार नव्हे, मुदतवाढ आहे. आणि ही मुदतवाढ देण्यात आम्ही जनरल प्रॅक्टिस करणारे डॉक्टर, मेडिकल दुकानदार आणि पेशंट असे तिघेही सामील असतो. दुखण्याच्या गोळ्या वर्षानुवर्षे खाऊन पोटात व्रण पडतात आणि किडनीवर ताण येतो तो वेगळाच.

दाताच्या खर्चाची एक गंमत आहे. तिला गंमत म्हणायचे की दुर्दैव, ते वाचकांनी ठरवावे. दात जेव्हा सर्वांत स्वस्तात वाचतो तेव्हा तो दुखत नाही. वरच्या थरावर काळा ठिपका असतो, अन्न अडकते, गार पाणी जरा झोंबते. त्या वेळी पाचशे रुपयांचे सिमेंट पुरते. सहा महिने-वर्षाने कीड नसेपर्यंत गेली की सहा-सात हजार लागतात. तेही टाळले तर दात काढायचा. तीनशे रुपयांत मोकळे, म्हणून लोकांना हेच स्वस्त वाटते. पण एक दाढ गेली की शेजारच्या कलतात, समोरची खाली उतरते, चावायचे काम उरलेल्यांवर पडते, आणि दहा-पंधरा वर्षांनी माणूस अण्णांसारखा कवळीच्या रांगेत येऊन उभा राहतो. खर्च टाळलेला नसतो, पुढे ढकललेला असतो, आणि सावकाराच्या व्याजासारखा तो वाढतच जातो.

सरकारने सगळेच द्यावे असे मी म्हणत नाही. इंग्लंडचे उदाहरण सांगतो. १९४८ साली तिथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा दात, कवळी, चष्मा सगळे मोफत होते. वर्षानुवर्षे तोंड दाबून बसलेले लोक असे काही लोटले की सरकारचे अंदाजपत्रक कोलमडू लागले. १९५१ साली कवळीवर आणि चष्म्यावर शुल्क लावावे लागले आणि ज्यांनी ही सेवा उभी केली ते मंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. जिथे त्यांचे हात टेकले, तिथे आपल्यासारख्या देशाने जपून पाऊल टाकावे हे बरोबरच आहे. वाकडे दात सरळ करण्याच्या तारा, पांढरेशुभ्र दिसण्यासाठीचे उपचार, स्क्रूने बसवायचे महागडे दात यांचा भार सार्वजनिक पैशावर पडू नये.

पण एक लहानशी यादी करता येईल. दात काढणे, सिमेंट भरणे, समोरच्या दातांचे आणि एखाद्या महत्त्वाच्या दाढेचे रूट कॅनॉल, वर्षातून एकदा हिरड्यांची सफाई, आणि साठीपुढच्या गरिबाला एक साधी कवळी. एवढेच. दाखल होण्याची अट न घालता, कार्डावर. यातले एकही काम खाटेवरच्या उपचाराइतके महाग नाही. मला अर्थशास्त्र कळत नाही, पण त्या बाईच्या अकरा दिवसांच्या खर्चात वाडीतल्या सगळ्यांच्या दाढा भरून झाल्या असत्या, इतपत गणित मला येते.

आणि नवी योजना येईपर्यंत जे कागदावर आधीच आहे ते तरी चालावे. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. गावागावांतल्या आरोग्यवर्धिनी केंद्रांनी द्यायच्या सेवांत तोंडाच्या आरोग्याचा समावेश आहे. दाताचे डॉक्टर तर पैशापासरी झाले आहेत. दरवर्षी कॉलेजातून मुले-मुली बाहेर पडतात आणि शहरातल्या एकाच गल्लीत पाच पाट्या लागतात. त्यांतल्या एखाद्याला ग्रामीण रुग्णालयात पूर्ण वेळ बसवावे, त्याला चालू कॉम्प्रेसर, भुलीचे इंजेक्शन आणि सिमेंटची बाटली द्यावी. नेमणूक होते, खुर्ची येते, उद्घाटनाचा फोटोही याच वर्तमानपत्रात छापून येतो. मग खुर्चीचा एक पाइप फुटतो आणि दुरुस्तीचा कागद टेबलावरून टेबलावर फिरत राहतो. खुर्ची किती दिवस बंद आहे, हा प्रश्न आपल्या जिल्हा परिषद सदस्यांनी आणि आमदारांनी बैठकीत एकदा विचारावा.

असो. सरकारचे सरकारकडे. आज, या आठवड्यात ज्याची दाढ दुखते आहे त्याने काय करावे?

पैसे थोडे असतील तर दाताच्या डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. लाजू नये. "साहेब, माझ्याकडे दोन हजार आहेत, त्यात आधी काय करणं गरजेचं आहे?" असा प्रश्न विचारला की चांगला डॉक्टर क्रम लावून देतो. पू असलेला दात आधी, ठिपका असलेला नंतर, कॅप पगार झाल्यावर. खर्चाचा आकडा कागदावर लिहून घ्यावा. बरेच डॉक्टर हप्त्याने पैसे घेतात, विचारले तर. मोठा खर्च सांगितला असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात अपमान नाही. दात वाचवणे परवडत नसेल तर काढून टाकावा, पण सडका दात तोंडात ठेवून गोळ्या खात बसू नये.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. खासगी दंत महाविद्यालये तर बऱ्याच जिल्ह्यांत आहेत. तिथे विद्यार्थी काम करतात आणि त्यांचे शिक्षक मागे उभे राहून तपासतात. विद्यार्थ्यांना शिकायला पेशंट हवेच असतात, म्हणून दर बाहेरच्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. वेळ जास्त लागतो, खेपा जास्त होतात, पण काम वाईट होते असे माझ्या पेशंटांच्या अनुभवात नाही. "शिकाऊ पोरांच्या हातात तोंड कोण देणार?" म्हणणारे लोक बाजारात टोपलीत दात मांडून बसलेल्याकडे मात्र बिनधास्त तोंड उघडतात. तो किडलेल्या मुळावरच प्लॅस्टिकचा दात चिकटवतो आणि तारेने शेजाऱ्याला बांधतो. सहा महिन्यांत शेजारीही हलू लागतो. तीच गोष्ट दारावर येऊन दाताची कीड काढून दाखवणाऱ्या बायकांची. ती अळी त्यांच्या हातातून येते, दातातून नाही. दाताची कीड म्हणजे अळी नसतेच. गोड आणि चिकट अन्नावर जगणारे जंतू आम्ल तयार करतात, त्या आम्लाने दात झिजून पोकळ होतो.

वरचा दात काढला की डोळे जातात, हेही खोटे. दातांच्या आणि डोळ्यांच्या नसा वेगळ्या आहेत. सफाई केल्याने दात हलतात, हेही तसेच. सफाईत दगडासारखा जमलेला थर निघतो, आणि आधीच सैल झालेला दात सैल आहे हे तेव्हा कळते. मधुमेह असलेल्यांनी हिरड्यांकडे जास्त लक्ष द्यावे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांत सूज असली की साखर आवरत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर दात काढण्याआधी सांगावे. आपल्या मनाने त्या बंद करू नयेत.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. २०१३ पासून हे सुरू आहे. त्यांच्या तपासणीत मुलांचे दातही पाहतात. मुलाच्या दप्तरात त्यांची चिठ्ठी सापडली तर ती चुलीत न घालता त्या मुलाला घेऊन दवाखान्यात जावे. दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत, असे म्हणून सोडू नये.

आणि घासायचे कशाने? विटेची पूड, राखुंडी, लाल मंजन यांनी दात चकचकीत होतात, कारण त्यांचा वरचा थर खरवडला जातो. फ्लोराइड असलेली कोणतीही साधी टूथपेस्ट चालते. हरभऱ्याएवढी घ्यावी, रात्री झोपताना जरूर घासावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फ्लोराइड टूथपेस्टला अत्यावश्यक औषधांच्या यादीत जागा दिली. आपल्याकडे तिच्यावर १८ टक्के कर होता, तो २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ५ टक्क्यांवर आला. चला, निदान एक गोष्ट तरी स्वस्त झाली. मिश्रीबद्दल मी या सदरात इतक्या वेळा लिहिले आहे की माझ्याच दाताच्या कण्या झाल्या. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे.

यातच एक महत्त्वाची गोष्ट. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड उघडायला त्रास, तिखट सहन न होणे, यातले काहीही असेल तर पैशाचा विचार करत घरी बसू नका. कर्करोग निघाला तर त्याचे उपचार योजनेत बसतात, तिथे तुमचे कार्ड चालते. आणि तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट आहे. दाढ दुखत असताना हनुवटीखाली सूज आली, तोंड उघडेना, गिळता येईना, ताप भरला, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

माझ्या दवाखान्यात मी आता एक लहान बदल केला आहे. दाढेसाठी दुसऱ्यांदा कोणी गोळ्या मागायला आले की मी लिहिण्याआधी विचारतो, "का नाही काढली?" पैसे, मजुरी, भीती, डोळे जातील, यांपैकी काहीतरी उत्तर येते. कंपाउंडरने एका वहीत दाताच्या कॉलेजला जाणारी एसटी, ओपीडीची वेळ आणि सोबत काय न्यायचे ते लिहून ठेवले आहे. तीन मिनिटे जास्त लागतात. बाहेरचे पेशंट कुरकुरतात.

अण्णांचे काय झाले ते सांगायचे राहिले. राष्ट्रीय वयोश्री योजनेत, जी २०१७ पासून गरीब ज्येष्ठांसाठी आहे, काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कवळीचेही नाव आहे. त्या योजनेच्या शिबिरातून अण्णांना पूर्वीच काठी मिळाली होती. काठी उभ्या उभ्या हातात देता येते. कवळीला माप घ्यावे लागते, मेणावर बसवून पाहावी लागते, ते शिबिराच्या मांडवात जमत नाही. पुढचे शिबिर कधी, ते कोणाला सांगता येईना. शेवटी नातवाने त्यांना पाच खेपा घालून दंत महाविद्यालयात नेले. बाहेरच्या निम्म्याहून कमी पैशांत काम झाले. त्यातले काही हमाल मंडळींनी वर्गणी काढून दिले.

परवा ते गोळ्यांसाठी आले तेव्हा कवळी तोंडात नव्हती, कार्डाच्याच पिशवीत होती. खालची टोचते म्हणाले. मी टॉर्च लावून पाहिले, हिरडीवर एका जागी लाल झाले होते. नवी कवळी एक-दोनदा घासून घ्यावी लागते, हे त्यांना कोणी नीट समजावले नव्हते. येत्या मंगळवारी नातवाची सुट्टी आहे, तेव्हा पुन्हा जायचे ठरले. जाण्याआधी दोन दिवस थोडा वेळ तरी कवळी घालून बसा, म्हणजे कुठे टोचते ते त्यांना दिसेल, असे मी सांगितले. वजन केले. साडेसत्तेचाळीस.